खोलआजोबांच्या घराचे कोपरे

प्रिय गुण्या,

तुमच्या स्टुडिओतल्या त्या कॅप्टनबाईंचा परवा फोन आला. तुमच्या कार्टून मालिकेचं पुस्तक निघतंय म्हणे, आणि त्यात पडद्यामागच्या माणसांवर चार-चार पानं हवीत. "काका स्वतःबद्दल काही बोलत नाहीत, तुम्हीच लिहा." तू बोलत नाहीस हे तिला सहा वर्षांनी कळलं. मला तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून माहीत आहे. तर लिहिते. पण लिहिताना ‘मी’ आला की मी भांडायला लागते, आणि तुझं-माझं भांडण छापायला त्यांना कागद पुरायचा नाही. म्हणून इथून पुढे तू ‘तो’ आणि मी ‘ताई’. काही चुकलं असेल तर फोन कर, पण आधी शेवटपर्यंत वाच.

गुण्या हे नाव त्याला ऑफिसनं दिलं. गुण्या म्हणजे गवंड्याचं ते लोखंडी हत्यार, दोन भिंती एकमेकींना काटकोनात आहेत की नाहीत ते दाखवणारं. इमारतींचे नकाशे करणाऱ्या ऑफिसात तो ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं मोठ्या साहेबांना सांगितलं, की तुमच्या केबिनची भिंत वाकडी आहे. केबिन साहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. सगळं ऑफिस खाली मान घालून बसलं. साहेबांनी मोजायला लावलं. भिंत दोन अंशांनी वाकडी निघाली. साहेबांनी भिंत तशीच ठेवली आणि याला नोकरीत कायम केलं.

एकतीस वर्षं तो तिथं होता. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईनं काम. चुकलं की दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं रेघ खरवडायची, नखानं कागद घोटून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा ओढायची. मग कॉम्प्युटर आला. कुरकुरत का होईना, तोही शिकला. त्याचा नकाशा हातात आला की गवंडी निर्धास्त असायचे. भिंतीमागून पाइप कुठून जातो, जिन्याखाली किती उंची उरते, दार उघडलं तर कुणाच्या कपाळावर आदळेल, सगळं याच्या डोक्यात. रेघ ओढली तर तिच्या पलीकडे काय आहे हे आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे, नाहीतर ओढू नये, असं त्याचं म्हणणं.

मोठे साहेब गेले आणि ऑफिस बंद झालं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गुण्या घरी. घरी बसलेला ड्राफ्ट्समन काय चीज असते ते त्याच्या बायकोला विचारावं. भिंतीवरचे फोटो त्यानं रोज सरळ केले. कपडे वाळत घालायची दोरी पातळी बघून पुन्हा बांधली. शेजाऱ्याला जाऊन सांगून आला, की तुमची चौकट सहा मिलीमीटर उजवीकडे झुकलीय. तो बिचारा वीस वर्षं त्या दारातून सुखानं जात-येत होता, आता खांदा चोरून जायला लागला.

"वन्सं," बायको ताईला फोनवर म्हणाली, "यांना कुठंतरी लावून द्या. काल माझ्या भांगावर बोट ठेवून म्हणाले, हा मध्यावर नाही."

ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. दुसऱ्याची अडचण ऐकत बसण्यापेक्षा ती सोडवून मोकळं व्हायचं, हा तिचा स्वभाव. वाचनालयाच्या फळ्यावर तिला एक कागद दिसला: ‘हातानं घरं काढणारा माणूस पाहिजे. मुलांची भीती वाटत नसावी.’ खाली पत्ता. तिनं तो अख्खा कागद फळ्यावरून काढून पर्समध्ये घातला, दुसऱ्या कुणाला दिसायला नको म्हणून, आणि भावाच्या पुढ्यात ठेवला.

स्टुडिओ म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडक्यांना काळा कागद. सहा टेबलं, त्यांतली दोन पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून उभी केलेली. गुण्यानं आत आल्या आल्या ती घडी पाहिली आणि मोठ्या कष्टानं तोंड बंद ठेवलं. शेल्फवर मातीची एक आकृती होती. पोट सुटलेलं, पाठीला पंख दुमडलेले, चेहऱ्यावर मिशांच्या जागी ऑक्टोपसचे हात. आकृती झोपलेली होती आणि तिच्या अंगावर कुणीतरी हातरुमालाचं पांघरूण घातलं होतं.

दिग्दर्शिका पस्तिशीची, सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिनं प्रस्तावना वगैरे केली नाही.

"घरं काढता येतात?"

"एकतीस वर्षं तेच काढलं."

"मग मला असं एक घर काढून द्या, ज्यातला एकही कोपरा बरोबर नाही."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा तोही थांबला.

मग तिनं शेल्फवरच्या आकृतीकडे बोट करून सगळं समजावलं. हे खोलआजोबा. समुद्राच्या तळाशी राहतात. वय ताऱ्यांपेक्षा जास्त. डोळे किती ते त्यांनी स्वतःही मोजलेले नाहीत. युगानुयुगं झोपलेत, आणि ज्या दिवशी जागे होतील त्या दिवशी सगळं विश्व चटईसारखं गुंडाळलं जाईल. त्यांना तीन नातवंडं, बुळबुळीत आणि भयंकर दंगेखोर. मालिकेच्या प्रत्येक भागात एकच गोष्ट घडते: दुपारची वेळ आहे, आजोबा झोपलेत, आणि घरात आवाज करायचा नाही. घरात एक जुनी पोथी आहे, हात न धुता उघडली तर चावते. शेजारी एक नुसतीच काळोखी पोकळी राहते, तिला सारखी साखर उसनी लागते. अकरा मिनिटांचा भाग. शेवटी आजोबा कुशीवर वळतात, एक डोळा किलकिला होतो, सगळे श्वास रोखतात, आणि धाकटी अंगाई म्हणून त्यांना पुन्हा झोपवते.

"हे मुलांसाठी?" गुण्यानं विचारलं.

"जुन्या भयकथा आहेत ना, विश्व अफाट आहे आणि आपण त्याच्या खिजगणतीतही नाही असं सांगणाऱ्या, त्या वाचून मोठी माणसं घाबरायची. मुलांना ते आधीच माहीत असतं, काका. घरात कुणीतरी अवाढव्य झोपलेलं असतं आणि ते उठलं की खेळ संपतो. मुलं घाबरत नाहीत, हसतात. फक्त घर नीट जमत नाहीये. त्या गोष्टींमधली शहरं असायची, जिना चढावा तर खाली पोचतो, बाहेर आलेला दगड बघता बघता आत गेलेला दिसतो. तिथं माणसं वेडी व्हायची. आमच्याकडे फक्त चेंडू हरवतो. कोपऱ्यात गेला की गेला. पण तो कोपरा बघून पटलं पाहिजे, की हो, जाईल इथं."

तीन संधी देते, ती म्हणाली. प्रत्येक वेळी शाळेत एका वर्गाला भाग दाखवायचा. ती स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायची. "कार्टून नाही बघायचं, माना बघायच्या. कोपरा आला की पोरांच्या माना तिरक्या झाल्या पाहिजेत, पलीकडे बघायला. तिन्ही वेळा नाही झाल्या तर मी कॉम्प्युटरवर भागवीन."

त्या संध्याकाळी गुण्या घरी आला आणि दोरीकडे न बघता आत गेला. बायकोनं ताबडतोब ताईला कळवलं.

त्याला काय झालं होतं ते सांगणं अवघड नाही. त्याला ती नोकरी हवी होती. पगारासाठी म्हणावं तर पगार बेताचाच. पण एकतीस वर्षांत त्याला कुणी असं काही विचारलं नव्हतं, जे त्याला येत नाही. तो भंडावून सोडायला लागला. कॅप्टनला फोन करून विचारायचा, "आजोबा कूस बदलतात तेव्हा पंख उघडतात का? कारण खोलीची रुंदी त्यावर ठरेल." किंवा, "ती पोकळी साखर मागायला येते ती दारातून येते, की तिच्यासाठी वेगळी सोय करायची?" कॅप्टनला असा माणूस आजवर भेटला नव्हता. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विचार करून द्यायची.

पहिलं घर त्यानं आठ दिवस खपून काढलं. भिंती लाटांसारख्या, खिडक्या तिरप्या, जिना गोगलगायीच्या पाठीसारखा. कॅप्टननं कागद टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहिला.

"काका, हे घर उभं राहील."

"राहणारच."

"राहायला नको."

"म्हणजे पडायला हवं?"

"पडायलाही नको."

आणि मग तिला कोपऱ्यातली ती जाळी दिसली. फरशीला तिच्याकडे व्यवस्थित उतार दिलेला. "हे काय आहे?"

"पाणी जायला."

"काका, घर समुद्राच्या तळाशी आहे. पाणी जाणार कुठं?"

गुण्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फरशी म्हटली की उतार आणि उतार म्हटला की जाळी. हात आपोआप गेला होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही चित्रकारानं ही चूक केली नसती, आणि ड्राफ्ट्समननं ती टाळली नसती. वर्गात भाग दाखवला तेव्हा एकही मान हलली नाही. एका पोरानं फक्त विचारलं, की संडास कुठाय. गुण्या मागच्या बाकावरून म्हणाला, "डावीकडं दाखवलाय, जिन्यामागं." त्याला एवढंच समाधान.

दुसऱ्या वेळी तो ताईकडे आला. ताईनं पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केला. "कळलं. रबरी चेंडू आण." चेंडू तिच्या घरात नव्हता, तो खालून विकत घेऊन आला. तिनं त्यावर पेननं तीन रेषा ओढल्या: टोकापासून खाली मध्यापर्यंत, मग मध्यावरून चेंडूचा पाव घेर, मग पुन्हा टोकापर्यंत.

"त्रिकोण आहे?"

"आहे."

"कोन मोज."

त्यानं मोजले. तिन्ही काटकोन. त्यानं पुन्हा मोजले.

"बेरीज दोनशे सत्तर येते, ताई."

"मग? चुकलं कुठं? एकशे ऐंशी सपाट कागदावर. तुझ्या आजोबांना कागद सपाट आहे असं कुणी सांगितलं?"

त्याचा चेहरा तिनं त्याच्या लग्नातही असा पाहिला नव्हता. तो चेंडू खिशात घालून गेला. बसमध्ये तो फिरवून फिरवून बघत बसला आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरला. त्यातून जे घर निघालं ते खरंच सुंदर होतं. प्रत्येक कोपरा काटकोनात आणि तरी खोलीला भिंती तीनच. स्टुडिओतली मंडळी खुर्च्या ओढून बघायला जमली. वर्गातली पोरं म्हणाली, घर फुगलंय. माना जिथल्या तिथं.

"पोरांचं चुकतंय," ताई म्हणाली.

"पोरांचं कसं चुकेल? त्यांच्यासाठीच आहे ना?"

"चाळीस वर्षं पोरांचं चुकताना बघितलंय मी. मला नको सांगूस."

पण तो हसला नाही. आता एकच वेळ उरली होती. त्यानं चेंडू कपाटात ठेवला आणि पुन्हा दोरीकडे बघायला लागला. बायकोचा फोन आला, "वन्सं, सकाळी फोटो सरळ केले हो यांनी." ती रडकुंडीला आली होती, आणि ताईला पहिल्यांदा वाटलं, की तो कागद आपण फळ्यावर राहू द्यायला हवा होता.

पुढच्या रविवारी त्याची सहा वर्षांची नात आली. दिवसभर प्रश्न. आजोबा, तुम्ही लहान होता का? किती लहान? कुठं झोपायचा? शेवटचा प्रश्न तिनं चारदा विचारला, तेव्हा त्यानं कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बॉलपेननं खोली काढून दाखवली. पट्टी नाही, माप नाही.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्या, त्यांतली आतली. तिथं एका पलंगावर ताई आणि तो झोपायचे, एकमेकांना लाथा मारत. तो पलंग भिंतीला कधी नीट लागला नाही. फट राहायची आणि त्या फटीत वस्तू जायच्या. गोट्या, ताईच्या कंपासपेटीतलं कर्कटक, वडिलांच्या पेनाचं टोपण. पलंग सरकवला की काही सापडायचं, काही नाही सापडायचं. टोपण तर सगळ्यांच्या देखत गेलं आणि पुन्हा दिसलं नाही. वडील पुढं वर्षभर पेनाला कागद गुंडाळून ऑफिसात न्यायचे. त्यानं ती फट काढली, उशीवर गाल टेकल्यावर दिसायची तशी, आणि मागच्या अंधारात चार-दोन रेघा मारल्या.

नातीनं मान तिरकी केली.

त्यानं कागद थोडा फिरवला. तिची मान दुसरीकडे गेली.

"काय बघतेस गं?"

"याच्या मागं काय आहे?"

"ठाऊक नाही," गुण्या म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा हात थांबला. ज्या रेघेच्या पलीकडचं त्याला ठाऊक नव्हतं, अशी एकही रेघ त्यानं तोवर ओढली नव्हती.

तिसऱ्या घरात त्यानं बाकी सगळं साधं ठेवलं. भिंती सरळ, जिना चढायला सोपा. फक्त एक कोपरा त्या पलंगामागचा. कॅप्टन वर्गात पडद्याकडे पाठ करून बसली. धाकटीचा चेंडू घरंगळला, कोपऱ्यात गेला, आणि बावीसपैकी एकोणीस माना तिरक्या झाल्या. एक पोरगी तर बाकावरून उठून पडद्याच्या मागं बघून आली. कॅप्टन स्वतःही वळली. नियमाप्रमाणे तिनं वळायचं नव्हतं.

त्याला सहा वर्षं झाली. साठावर भाग झाले, आणि प्रत्येकात तो कोपरा आहे. नवीन आलेल्या मुलांना ही गोष्ट स्टुडिओत सांगतात, पण तिच्या पुढचं त्यांना माहीत नाही, ते घरातलं आहे.

ताईला तो कोपरा पडद्यावर बघून चैन पडेना. फोन करून ती म्हणाली, "गुण्या, फट कोपऱ्यात दाखवलीयस तू. ती कोपऱ्यात नव्हती, पायथ्याच्या बाजूला होती, बाहेरच्या टोकाला."

"कोपऱ्यातच होती. मी भिंतीकडं झोपायचो."

"तू भिंतीकडं झोपायचास कारण मी तुला ढकलायचे. फट कोपऱ्यात असेल तर तो कोन नव्वदाच्या आत. बाहेर असेल तर नव्वदाच्या वर. दोन्ही खरं नसतं."

"मग मोजू जाऊन."

"मोजू. गुरुवारी?"

"गुरुवारी."

हे पहिल्या वर्षी ठरलं. त्या गुरुवारी त्याला काम निघालं. पुढच्या वेळी त्याचे दात. मग शिंपी गावाला गेला, मग परत आला, मग पाऊस, मग ऊन. ताईच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. गणिताच्या बाईला ही दिरंगाई शोभत नाही. शेवटी तिनं त्याला सरळ विचारलं, "तुला यायचंच नाहीये का?"

तो मग म्हणाला, "ताई, समजा तो शहाऐंशी निघाला. मी पुढच्या आठवड्यात शहाऐंशीचा कोपरा काढीन. पोरं कशाला बघतील त्याच्याकडं?"

"आणि नव्वद निघाला तर?"

"ते तर बोलूच नकोस."

"हा वेडेपणा आहे, गुण्या."

"असेल. जाऊ आपण. गुरुवारी बघू."

गेल्या महिन्यात शिंप्याचा ताईला फोन आला. इमारत पाडायचीय, महिनाअखेर. वरच्या खोल्या रिकाम्या झाल्यात, बघायच्या असतील तर या. ताईनं भावाला कळवलं नाही. तिनं फळ्यावर वापरायचा तो मोठा लाकडी कोनमापक माळ्यावरून काढला, धूळ पुसली आणि बाजाराच्या पिशवीत घातला. अर्धा बाहेरच राहिला. बसमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, हे काय वाद्य आहे का. ती म्हणाली, हो.

शिंपी म्हणजे तेव्हाच्या शिंप्याचा मुलगा, आता म्हातारा, आपल्या वडिलांच्या जागी बसतो. जिना तोच, दुकानाच्या बाजूनं वर जाणारा.

"जा ना, उघडंच आहे," तो म्हणाला. "पलंग नाही राहिला, कोपरा आहे."

ताई जिन्यापर्यंत गेली. हे काम दोन मिनिटांचं होतं आणि सहा वर्षांचा वाद मिटणार होता. आकडा कळल्यावर तो पोटात ठेवणं तिला जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं; आजवर कुठलंच उत्तर तिच्या पोटात राहिलेलं नाही. फोन करून सांगितलंच असतं, आणि त्याच्या पुढच्या भागातला कोपरा तर अजून काढून व्हायचा होता. ती वळून दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"काय झालं?" शिंप्यानं विचारलं. "दम लागला?"

"नाही. हे कोटाचं बटण सैल झालंय, जरा घट्ट करून द्या."

त्यानं सुईत दोरा ओवला. "आणि वरचं? सोमवारनंतर काही उरायचं नाही हो."

"भावाला घेऊन येते," ताई म्हणाली. "गुरुवारी बघू."